कारभारीभाऊंनी काढलेली पिन

या, अशा जवळ सरका. टाळ घडीभर मांडीवर ठेवा. आमच्या वरवट बकालच्या देवळात बेबीताईच्या वर्षश्राद्धाला काय झालं, ते सांगते.

बेबीताई म्हणजे कीर्तनात बुवांच्या मागं उभी राहून चाल उचलणारी बाई. तिची लेक पुष्पांजली पुण्याला हॉटेलात पियानो वाजवून इंग्रजी गाणी गाते. तिचं मागणं एकच: कीर्तनाआधी आईच्या नावानं देवापुढं गाऊ द्या.

भजनी मंडळाचे प्रमुख कारभारीभाऊ. गेल्या सप्ताहात एक पाहुणा गवई पेनड्राईव्ह लावून नुसतं तोंड हलवताना सापडला, तेव्हापासून भाऊंचा कोकिळेवरही भरोसा नाही.

"हे पाह्य पोरी," ते म्हणाले, "देवापुढं टेप चालत नाही. लबाडी दिसली का तिथंच बंद. तुह्या मायची सेवा रुजू झाली, असं मी म्हननार नाही."

"कान देऊन ऐका भाऊ," एवढंच ती बोलली.

भुसावळहून टेम्पोत आलेला जुना पियानो गड्यांनी सभामंडपात चढवला. साउंडवाल्या बशीरभाईनं गाण्यापुरता एक माईक लावला. पुष्पांजली बसली, आणि अरे देवा! डावा हात तळाच्या सुरावर एक ठोका द्यायचा, लगेच उडी मारून मधे येऊन तीन-चार पट्ट्या दाबायचा, पुन्हा तळाशी. उजवा वर वेगळाच खेळत होता. ठेका सरळ चालेना. झोक्यावर बसल्यासारखा मागंपुढं. वरून तिचं इंग्रजी गाणं.

"दोन हातांत तिघांचा आवाज?" शालूबाई माझ्या कानाशी कुजबुजली. "काहीतरी भरून आणलं हाय व माय."

मलाही तसंच वाटत होतं. आमच्याकडं लग्नातली विजेवरची पेटी एक बटन दाबलं की ढोलक, बासरी सगळं आपोआप वाजवते. भाऊंनी पियानोखाली वाकून पाहिलं. मागं गेले. एक वायर भिंतीकडं जाताना दिसली, तसे ते आमच्याकडं बघून हसले आणि त्यांनी भिंतीतली पिन काढली.

माईक गेला. पंखा थांबला. पियानो मात्र वाजतच राहिला.

"बॅटरी असंन!" भाऊंनी पियानोचं झाकण उचललं. आत लाकडी हातोड्या तारांवर नाचत होत्या. एक थांबली की दुसरी.

"भाऊ, ती वायर पंख्याची अन् माईकची," बशीरभाई म्हणाला. "या पेटीले वायरच नाही ना!"

पुष्पांजली थांबली नाही. त्याच झोक्याच्या ठेक्यावर तिनं इंग्रजी गाणं सोडून आई कीर्तनात म्हणायची ती गौळण धरली. माईक नाही म्हणून मागच्या बाया पदर सावरत पुढं सरकल्या. आवाज बेबीताईचाच, मानेचा हेलकावाही तिचाच.

भाऊंच्या हातात पिन तशीच.

"लावू का परत?" बशीरभाईनं विचारलं.

"राहू दे बे. बेबीताईले कधी माईक लागला होता काय?" त्यांनी पिन खाली ठेवली, टाळ उचलले आणि ठोका धरायला गेले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा झोका सापडला. गौळण संपल्यावर त्यांनी स्वतः तिच्या कपाळी बुक्का लावला आणि देवाकडं पाहून मोठ्यानं म्हणाले, "सेवा रुजू झाली!"

तर माझ्या बायांनो, आज भजनाला उभ्या राहाल, तेव्हा माईक थोडा बाजूला सारा, आणि एक चाल बेबीताईची आठवण काढून उचला.