सोगाकोपेचे अबोलो

खोटं बोलायची अक्कल देवाने मला भरपूर दिली, ते निभवायची मात्र दिली नाही. नाहीतर डोंगरावर तीन दिवस उपास-प्रार्थना करून परतणारी मुलगी सोगाकोपेच्या पुलाशी अबोलो विकत घेते का?

प्रार्थनेचा डोंगर आमच्या होहोए गावाच्या उत्तरेला. सोगाकोपे पार दक्षिणेला, समुद्राच्या वाटेवर. पण गाडी पुलाशी थांबली, डोक्यावर परात घेतलेल्या बायका खिडकीला येऊन भिडल्या, पानात वाफवलेल्या मक्याच्या त्या गोडसर अबोलोंचा आणि तळलेल्या कोळंबीचा वास आला आणि माझा हात आपोआप खिडकीबाहेर गेला. त्या पुलावरून जाणारा माणूस रिकाम्या हाताने घरी जात नाही. गेलाच, तर घरचे विचारतात, वाटेत मेला होतास का?

डझनभर अबोलो आणि पुडीभर कोळंबी मांडीवर घेऊन मी पुढचे चार तास मजेत डुलक्या काढल्या.

तीन वर्षं घरी बसल्यावर मला बँकेत नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. आईने फर्मान काढलं, "एयराम, आधी तीन दिवस डोंगर. पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही. आणि रविवारी चर्चमध्ये उभं राहून देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायची." त्या तीन वर्षांत मी चार वेळा तो डोंगर चढले होते. माझ्या गुडघ्यांना तिथले दगड पाठ होते. म्हटलं, आता देवाने मागणी पुरवलीच आहे, तर पुन्हा दार ठोठावून त्याला कशाला त्रास द्या? माझी मैत्रीण डेला सोगाकोपेच्याही पुढे, अदा गावी, नदीकाठच्या एका रिसॉर्टमध्ये काम करते. तिने रिकामी पडलेली खोली मिळवून दिली. मी बायबल आणि पोहण्याचा पोशाख एकाच पिशवीत भरला आणि उलट दिशेची गाडी पकडली.

शनिवारी दुपारी घरी पोचले तेव्हा आई दारातच स्टुलावर बसली होती. मी मोठ्या ऐटीत पुडकं तिच्या हातात दिलं आणि त्याच क्षणी मला आठवलं, डोंगराच्या वाटेवर सोगाकोपे लागत नाही. आईने पान उलगडलं, हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"डोंगरावर मिळतात वाटतं हल्ली?"

"स्टँडवर एक बाई विकत होती," मी म्हणाले.

"हं. उपास मानवला हो तुला. गाल वर आलेत."

मग ती खायला लागली. एक, दोन, चार, सात. मधे घोटभर पाणी नाही की शब्द नाही. चोराला समोर बसवून पोलीस निवांत चहा पितो ना, तशी मला ती वाटली. हिला कळलंय, आता ही उद्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर माझे वाभाडे काढणार. तिला खूश करायला मी चर्चची साफसफाई करते म्हणाले, भांडी घासते म्हणाले. स्वयंपाकघरात घासायला एकही भांडं नव्हतं. चूल थंड होती. तेव्हा तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

रविवारी आईने पांढरा झगा चढवला आणि मला पुढच्या बाकावर बसवलं. पाद्रीबुवांनी नाव पुकारलं. माईक हातात आला तेव्हा मी ठरवलं, खोटं एक पुरे झालं, आता फक्त खरं बोलायचं. कुठलं ते कशाला सांगा?

"तीन दिवस," मी म्हणाले, "मी विस्तीर्ण पाण्याच्या काठी होते."

"आमेन!"

"पहाटे पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली आणि म्हणाली, मुली, तुला काय हवं ते माग."

"हालेलुया!"

"मी मागितलं. त्यांनी दिलं. मी पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं. कुणी हिशेब विचारला नाही." एव्हाना मलाच चेव चढला होता. "दुसऱ्या दिवशी मी पाण्यात शिरले, पूर्ण बुडाले, आणि वर आले तेव्हा मला कसलीच चिंता उरली नव्हती!"

ढोल सुरू झाले. बायका रुमाल फिरवत नाचायला लागल्या. आई तेवढी नाचली नाही. ती बाकाला धरून उभी होती, मला वाटलं रागाने.

बाहेर पडताना महिला मंडळाच्या आफी मावशींनी मला मिठी मारली. "धन्य आहात गं मायलेकी! तू तिथे, ती इथे. तीन दिवस तिनेही पाण्याखेरीज काही घेतलं नाही. मी म्हटलं, तुझं वय काय, साखरेचा आजार काय, मुलगी करतेय ना? तर म्हणाली, लेक उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरेल का?"

माझ्या घशाखाली त्या तीन दिवसांत काय काय उतरलं होतं ते आठवून मला तिथेच मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर तिने झगा काढून घडी घातली आणि स्टुलावर बसली. मी तिच्या पायाशी बसले.

"आई, मी डोंगरावर गेले नव्हते."

"सोगाकोपेचे अबोलो मी ओळखत नाही होय गं? माझं माहेर तिथलं."

"मग चर्चमध्ये बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्या साक्षीत एक शब्द खोटा निघाला असता तर बोलले असते." ती हसली, मग हसू आवरलं. "उद्या तू बँकेत जाशील ती माझ्या उपासावर जाशील, लक्षात ठेव."

मी मान हलवली. मला तिच्यासमोर इतकी लाज वाटत होती की वर बघवेना.

"नुसती मान काय हलवतेस? पहिल्या दिवसापासून सांग. सकाळी खायला काय होतं?"

"आई, नको ना."

"नको कसं? तीन दिवस तू दोघींचं खाल्लंस. माझ्या वाटचं काय काय होतं ते मला कळायला नको?"

"अंडी होती," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रड, पण सांगत सांगत रड," ती म्हणाली. "उकडलेली की तळलेली?"