मोठ्याबाईच्या डोक्यावरची माती

आमच्या मोहटोल्यात तलावाच्या पाळीवर बसून कोणी म्हटलं का, "भैय्याजीनं तलाव गावाले देला," तर माह्या डोक्यात तिडीक जाते. भैय्याजीनं काही देलं नाही. देलं ते त्याच्या मायनं, मोठ्याबाईनं. मी तिथंच उभी होती बाप्पा, माह्या डोळ्यानं पाह्यलं.

मी धुरपता. तलावाचं पाणी जिथवर जाते, त्याच्या पार शेवटी आमचं शेत. शेवटची बांधी काय असते, ते ज्याची असते त्यालेच समजते. वरच्या लोकाईचं धान हिरवंगार डोलून राहिलं, अन् आमच्या बांधीत हात जाईल एवढ्या भेगा. माहा नवरा सेवकराम भल्ला गरीब स्वभावाचा. म्हणे, "येईल नं पाणी." मी म्हटलं, "हाव, येईल! पायानं चालत येईल, चहा मांडून ठेवते!"

पाणी येणार कुठून? तलाव जुना, मालगुजाराच्या वेळचा. मालगुजारी गेली अन् तलाव सरकारचा झाला, पण गाळ काही सरकारनं नेला नाही. तलाव भरत गेला, पाणी मांगं मांगं सरकत गेलं. अन् जिथं जिथं कोरडं पडलं तिथं मालगुजाराच्या घरचा भैय्याजी मातीच्या बांधाचा धुरा टाके अन् धान लावे. आधी त्याचा बाप टाके, मंग हा. त्याईचं वावर वाढत गेलं, आमचा तलाव आटत गेला.

त्याची माय गोदावरीबाई. सारं गाव तिले मोठ्याबाई म्हणे. बोलणं कमी, चालणं ताठ. तिची एक गोष्ट साऱ्याईले माहीत होती, का ही बाई भात खात नाही. धानाच्या मुलुखात राहून, धानानं ढोल्या भरलेल्या घरात बसून ज्वारीची भाकर खाते! लग्नाच्या पंगतीतही पानावरचा भात बाजूले सारे. आम्ही बायका नदीवर हसो, "मोठ्या घरचे नखरेही मोठेच वं."

एकोणऐंशी साली पाणीच पडलं नाही. मंग रोजगार हमीतून तलाव खोल करायचं काम निघालं. भंडाऱ्याहून ओव्हरशियर साहेब आला. तरणा पोरगा, बुटाले चिखल लागू नये म्हणून टाचेवर चाले. पाळीवरच ग्रामसभा भरली. साहेब म्हणाला, "गाळ काढू, पाळ बांधू, सांडवा उंच करू. शेवटच्या शेतापर्यंत पाणी जाईल. पण वादाच्या जागेवर मला काम लावता येत नाही. तलावाची हद्द कुठपर्यंत, हे आधी गावानं एकमतानं ठरवा. नाहीतर काम दुसऱ्या गावाला जाईल."

शेवटचं शेत म्हटल्यावर मी पुढं सरकून बसली. भैय्याजी उठून म्हणे, "हद्द कायची ठरवता? माह्या धुऱ्यापर्यंत तलाव, त्याच्यामांगं माहं वावर." म्या म्हटलं, "तुह्या धुऱ्याले दरसाल पाय फुटते, त्याचं काय?" लोक हसले. पण हसून काय होते? मोजणी मांगतली तर तो हरकत घेणार, मंग कचेरीच्या चकरा, अन् तवरिक काम गेलं हातचं.

तेव्हा सरपंच तेजरामभाऊ म्हणे, "मंग जुन्या रीतीनं करा. डोक्यावर माती घ्या."

ही रीत आमच्याकडं आजाच्या आजापासून. हद्दीचा वाद मिटत नसला का गावातल्या सगळ्यात जुन्या माणसानं त्याच जागेची ओली माती डोक्यावर घ्यायची अन् अनवाणी चालायचं. तो जिथवर चालंल तिथवर हद्द. कोणी हात धरायचा नाही, कोणी बोलायचं नाही. माती डोक्यावर असताना खोटं चाललं तर घर बसते, असं लोक मानते. म्हणून कोणी सहसा माती घेत नाही.

अन् गावात सगळ्यात जुनं माणूस कोण? मोठ्याबाई!

भैय्याजी गालातल्या गालात हसला. म्हणे, "चालते. मले मंजूर." मी तर पेटलीच. "अरे, कोणती माय लेकाच्या वावरावर पाणी सोडंल? कायले हे सोंग?" सेवकरामानं माहा पदर धरून खाली बसवलं.

मोठ्याबाईले आणलं. तिनं चपला काढल्या. तलावात मधोमध थोडासा चिखल उरला होता, त्यातला गोळा तेजरामभाऊनं तिच्या पांढऱ्या केसाईवर ठेवला. चिखलाचं पाणी तिच्या कपाळावरून वघळलं. तिनं पुसलं नाही. चालाले लागली.

आम्ही मांगं मांगं. धुरा जवळ आला. भैय्याजीनं रुमालानं तोंड पुसलं, झालं आता, असं. मोठ्याबाई धुऱ्यापाशी थांबली. म्या डोळेच मिटले. उघडले तर काय, बाई धुऱ्यावर चढून पलीकडं उतरली! लेकाच्या बांधीत! एक बांधी पार केली, दुसरी पार केली. भैय्याजी "माय, ओ माय" करत धावला, तर तेजरामभाऊनं हात आडवा धरला. माती डोक्यावर होती नं.

पार वरच्या बांधीत एक जांभळीचं खोड होतं. झाड कधीचंच तुटलेलं, पण मोठ्याबाई ते खोड काढू देत नसे. भैय्याजी त्याले वळसा घालून नांगर हाकले. तिथं जाऊन बाई थांबली. वाकून तिनं डोक्यावरची माती खोडाच्या बुडाशी ठेवली.

म्हणे, "इथवर पाणी होतं. सणाच्या दिवशी भुजल्याचे कोंब पाण्यात शिरवाले माही रुखमी इथं आली होती. याच झाडाले धरून उतरली, अन् पाण्यातच गेली."

साहेबानं, त्या टाचेवर चालणाऱ्या पोरानं, बूट काढून हातात घेतले अन् तसाच ढेकळात उभा राहिला. मी तर खरं सांगते, देवळात जोडले नाही असे हात जोडले त्या दिवशी.

भैय्याजी पुढं आला. "मले बहीण होती? मले काहून नाही सांगतलं माय?"

"तू मांगून झाला. तुह्या बापानं तिचं नावच बंद केलं घरात. मंग तलाव सरकला, अन् त्यानं इथं धान लावलं. लेकीच्या जागेवरचं धान माह्यानं खाल्लं नाही गेलं. अन् ढोलीत एकदा पडल्यावर कोणतं धान कोणत्या बांधीचं, कोण ओळखते? म्हणून भातच सोडला."

नखरे म्हणे!

भैय्याजी खोडापाशी खाली बसला. मंग उठला, कोणाजवळचा तरी फावडा घेतला अन् पहिला धुरा त्यानंच फोडला. तेवढंच लोकाईच्या ध्यानात राहिलं, अन् "भैय्याजीनं देला" म्हणत बसते. तिथंच ठराव झाला, का जांभळीच्या खोडापर्यंत तलाव गावाचा, अन् पाणी कसं सोडायचं ते गावाची कमिटी ठरवंल. "पह्यलं पाणी शेवटच्या बांधीले!" असं म्या वरडून म्हटलं. वरच्या लोकाईनं तोंडं वाकडी केली, पण मोठ्याबाईनं आधी हात वर केला. तिच्यासमोर कोणाची हिंमत होती नाही म्हणायची?

उन्हाळाभर साऱ्या गावानं गाळ उपसला. पुढच्या साली तलाव असा भरला का भुजल्याच्या दिवशी पाणी बरोबर खोडाले लागलं होतं. मोठ्याबाई आली अन् तिनं तिथंच भुजल्या शिरवल्या. अन् आमच्या बांधीत, माय वं, पाणी आलं! मी त्या पाण्यात उभी राहून वेड्यावाणी हसून राहिली होती, अन् सेवकराम म्हणे, "चहा मांडला काय?"

धान निघालं. पह्यला नवा भात म्या घरी कोणाले चाखू देला नाही. गंजावर झाकण ठेवलं, पदरानं धरला अन् सरळ मोठ्याबाईच्या घरी. म्हटलं, "हे तुमच्या ढोलीतलं नाही. माह्या शेवटच्या बांधीचं आहे. तुमच्याच पाण्याचं."

तिनं ताट घेतलं, बसली. एक घास घेतला, किती वेळ चावत राहिली. डोळ्यातलं पाणी हनुवटीवर आलं, तेही पुसलं नाही.

म्हणे, "गोड आहे वं धुरपता. अजून वाढ."

मी हात पुढं केला, तर दारातून भैय्याजी आला अन् त्यानं माह्या हातातून गंज घेतला. मायच्या समोर बसला अन् भात वाढाले लागला.