अ पासून ह पर्यंत

कुंभार पिंपळगावच्या रामरावांनी थोरल्या लेकीच्या, आकांक्षाच्या लग्नात धाकट्या अक्षतावर एकच काम सोपवलं होतं. पण ते असं, की भल्याभल्यांनी हात जोडावेत. मांडवात टावेल-टोपी द्यायला भोंग्यावरून जी नावं पुकारतात, ती मानाप्रमाणे लावायची. मुलाच्या लग्नात रामरावांच्या बहिणीचे यजमान सोपानराव आधी पुकारले गेले, म्हणून पोरांचे सख्खे मामा हणमंतराव न जेवता वडीगोद्रीला निघून गेले होते. रामरावांनी त्याचा धसकाच घेतला होता. रोज संध्याकाळी ते "याला वर घे, त्याला खाली सरकव" म्हणत, आणि अक्षता लॅपटॉपवरच्या फायलीत तसं करी. कागदावर काहीच नव्हतं.

हळदीच्या दिवशी दुपारी अक्षताला गृहपाठ आठवला. अंबडच्या कॉलेजात तिचं पायथन नुकतंच सुरू झालं होतं. एका फायलीतून नावं वाचायची, अक्षरांच्या क्रमानं लावायची आणि नव्या फायलीत लिहायची. नावं तर घरात तयारच होती! घाईत तिनं नव्या फायलीलाही जुनंच नाव दिलं. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला म्हणून ती खूष झाली, आणि तिनं फाईल उघडली. जुन्यावर नवं लिहिलं गेलं होतं. मानाचा क्रम गेला तो गेलाच.

तिनं धान्याच्या खोलीत वडिलांना गाठून सांगून टाकलं. रामराव पोत्यावर बसले.

"सगळंच पुसलं?"

"नावं हायेत, अण्णा. पण अ पासून ह पर्यंत लागलीत."

"पयला कोण?"

"अंगद."

"आपला ट्रॅक्टरवाला? अन् शेवटी?"

"हणमंतमामा."

रामरावांनी डोळे मिटले. मनातल्या मनात क्रम लावू लागले आणि तिसऱ्याच नावाला अडले. "मला दुसऱ्यांदा जमायचं न्हाई, पोरी."

"मंग मीच मामाला सांगते. चूक माझी हाय."

मामा ओसरीवर चहा पीत होते. अक्षता समोर जाऊन उभी राहिली. "मामा, रुसायचं असंल तर आजच रुसा. उद्या दीदीच्या लग्नात नको."

मामांनी बशी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे भाचीच्या लग्नात मामा शेवटी?"

"तुमचं नाव ह वरून हाय ना."

"माझ्या बारशाला मला कुणी इचारलं न्हाई, न्हाईतर अ वरूनच ठेवलं असतं. अन् सोपानराव?"

"तुमच्या अगुदर. लगेच."

"लगेच म्हंजे? मधी कुणीच न्हाई?"

"कुणीच न्हाई."

"म्हंजे ते बी अंगदच्या मागं!" मामांचा चेहरा उजळला. "राहू दे बिलकुल तसंच. पण भोंग्यावर आधी सांगा, नावं अक्षरानं हायेत म्हणून. न्हाईतर लोकांना वाटायचं, दाजीनं मला काढून टाकलं."

दुसऱ्या दिवशी पहिलं नाव पुकारलं तेव्हा अंगद पाण्याचे जार उतरवत होता. ओल्या हातांनीच वर आला, टोपी घालून घेतली, आणि कुठं बघावं ते न कळून पुन्हा जारांकडं पळाला. मांडव हसला. "ही कोणती पद्धत?" म्हणून एकदोघं कुरकुरले, पण अक्षरांशी भांडायचं कुणी?

नावं मात्र लांबली. ह येईपर्यंत पंगती बसल्या होत्या आणि समोर रिकाम्या खुर्च्या उरल्या होत्या. मामा उठले, मुकाट टोपी घालून घेतली आणि रस्त्याच्या बाजूला वळले. तिकडं त्यांची गाडी उभी होती.

पण वाटेत सोपानराव उभे होते. मामांनी त्यांचा दंड धरला. "चला पाव्हणं. आपला नंबर येईस्तोवर लोकांनी जिलेबी संपवली असंल."

दोघं पंगतीत शेजारी-शेजारी बसले. अक्षतानं वाढप्याच्या हातातलं जिलेबीचं ताट ओढून घेतलं, धावत गेली आणि समोर जाऊन थबकली. आधी कुणाच्या पानात वाढावं, तिला सुचेना.

"वाढ की!" मामा म्हणाले. "का हे बी कॉम्प्युटरला इचारून येतीस?"