दीक्षाची उंच खुर्ची

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे. लहान मुलाची, लाकडी, दोन्ही बाजूंना हात आणि पोटाशी पट्टा असलेली. वारज्याच्या एका बालवाडीत खिडकीखाली मी असते. मला रोज पुसतात, येणारे-जाणारे माझं कौतुकही करतात. त्यांना एकदा खरं काय ते सांगावं असं फार वाटतं, पण खुर्चीला तोंड कुठलं! म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म खोक्यांतून झाला. गेल्या वर्षी हिंजवडीला सारख्या नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि परदेशातून मोठमोठ्या लाकडी खोक्यांत यंत्रं येत होती. अशाच एका कंपनीच्या फाटकावर नागोराव पहारेकरी होते. अकोल्याकडून पोटासाठी पुण्यात आलेले. त्यांनी साहेबांना विचारून फळ्या आणल्या आणि बाबुराव सुतारांपुढे ठेवल्या. नागोरावांची मुलगी दीक्षा चार वर्षांची होती. बोलायला चुरचुरीत, पण पाठीत आणि पायांत बळ नव्हतं. आधार नसला की ती कलंडायची. बालवाडीच्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, "तिला बसायला खुर्ची आणा, मग बघू."

"केवढी उंच करू?" बाबुरावांनी विचारलं. "बालवाडीतली पोरं तर खाली सतरंजीवर बसतात."

"उंच करा," नागोराव म्हणाले. "माह्या आज्याले शाळेत दाराबाहेर बसवत होते, खाली मातीत. माही पोरगी खाली नाही बसन."

बाबुरावांनी फळ्या मापायला घेतल्या. मी उंच झाले. नागोरावांनी मला निळा रंग दिला आणि दीक्षाच्या आईनं, मुक्ताईंनी, जुन्या लुगड्याची मऊ गादी शिवली. तेव्हा मला स्वतःचा काय अभिमान वाटला होता!

पहिल्या दिवशी सगळी मुलं माझ्याभोवती जमली. वर्गावरच्या नम्रताताईंनी दीक्षाला उचलून बसवलं, पट्टा लावला. मग मुलं सतरंजीवर गेली आणि आम्ही दोघी खिडकीखाली राहिलो. मला सतरंजीवर ठेवलं असतं तर मागच्यांना फळा दिसला नसता. कुणी वाईट वागलं नाही, बरं का. पण ठोकळे खाली, गोष्टीची चित्रं खाली, एकमेकांच्या डब्यात हात घालणंही खालीच. वर फक्त दीक्षा.

तिचा जीव एका खेळात अडकला होता. मामाचं पत्र हरवलं! मुलं गोल करून बसायची, एकजण रुमाल घेऊन मागून फिरायचा आणि गुपचूप कुणाच्या तरी पाठीमागे टाकायचा. ज्याच्यामागे रुमाल, त्यानं उठून पळायचं. दीक्षा खिडकीखालून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडायची, "ते मला सापडलं!" सापडायचं मात्र नेहमी दुसऱ्यालाच. मला फार वाईट वाटायचं. अहो, माझे पाय कापा की, एवढंच मला म्हणायचं होतं.

एके दिवशी आयुषवर राज्य होतं. तो गोल सोडून थेट खिडकीपर्यंत आला, रुमाल माझ्यामागे टाकला आणि धूम पळाला. दीक्षाचा चेहरा असा उजळला की काय सांगू! ती मागे वळली, हात लांब केला, अजून लांब केला. तिचा तोल जातोय हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? मी उभी होते तशी कलंडले आणि आम्ही दोघी आडव्या झालो. तिच्या भुवईतून रक्त आलं. ती रडली नाही. रुमाल तिच्या मुठीत होता.

दुसऱ्या दिवशी नागोराव आणि मुक्ताई दीक्षाला घेऊन आले, तर मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या.

"अहो, आमच्याकडे तशी सोय नाही. उद्या जास्त लागलं तर? अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात, तिथे घाला."

"बाई, पोरगी कालपासून एकच सांगते, 'आई, माह्यावर राज्य आलं'," मुक्ताई म्हणाल्या. "पडल्याचं तिले काहीच नाही."

"मी खुर्चीचे पाय कापतो, मॅडम," नागोराव म्हणाले. "आत्ता कापतो. पोरीले ठेवा."

ते धावत जाऊन बाबुरावांची करवत घेऊन आले आणि अंगणातच कापायला बसले. मला दुखलं नाही, उलट मी मनातून म्हणत होते, कापा, लवकर कापा. मग त्यांनी मला सतरंजीवर ठेवून माझ्यात दीक्षाला बसवलं. आता ती सगळ्यांएवढी झाली होती. आयुषच्या खांद्याला तिचा खांदा लागत होता.

"प्रश्न खुर्चीचा नाही हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाकीच्या पालकांना मी काय सांगू?"

नम्रताताईंनी वाकून पट्टा सोडला. नागोरावांनी दीक्षाला खांद्यावर घेतलं.

"आणि ही खुर्ची?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"राहू द्या. दुसऱ्या कोण्या लेकराले होईन."

दुसरं लेकरू काही आलं नाही. मागच्या आठवड्यात मात्र एका कंपनीची माणसं बालवाडी बघायला आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात कॅमेरा. मोठ्या बाईंनी मला सतरंजीच्या मधोमध आणून ठेवलं.

"आमच्याकडे सगळ्या मुलांना घेतो. ही बघा, खास खुर्ची."

माझे फोटो निघाले. त्यांच्यातल्या एका ताईंनी विचारलं, "यात कोण बसतं?"

"दीक्षा म्हणून मुलगी आहे. आज आली नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ती रोजच येत नाही," आयुष म्हणाला.

"चला मुलांनो, पाहुण्यांना गाणं म्हणून दाखवा," मोठ्या बाई घाईनं म्हणाल्या, आणि गाणं सुरू झालं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, पुसा, नीट ठेवा. मला पुसू नका. फोडून चुलीत घातलंत तरी माझी तक्रार नाही. पण दीक्षा इथून दोन गल्ल्या पलीकडे राहते. आयुष सांगतो, बालवाडीच्या वेळेला ती दारात टेकून बसलेली असते आणि दप्तर दिसलं की हाक मारते. तिला घेऊन या. मी स्वतः गेले असते, पण मला पाय असून चालता येत नाही.