बैठकीतला बास

पकडीत धरलेली चौदावी पट्टी सुटली आणि उडून थेट तुळशीपाशी पडली. हरिश्चंद्राने ती उचलली, फुंकली आणि आधीच्या तेरांच्या शेजारी मांडून ठेवली. एकतीस वर्षं सरकारी टपाल क्रमाने लावलेला माणूस उपटलेल्या वस्तूही क्रमानेच लावतो.

"दात काढतास काय त्येचे?" रुक्मिणीने ओट्यावरून विचारलं.

"पडदे काढतंय."

"खिडकेक पडदे लावा म्हणान चार वर्सां सांगतंय. ते लावूक नाय. हंय आसलेले उपटतास."

हरिश्चंद्राने पंधराव्या पट्टीला पकड लावली. त्याच्या मांडीवर आडवी पडली होती ती एक इलेक्ट्रिक बास गिटार. चार जाड तारा, वल्ह्यासारखी लांब मान, आणि जळक्या वांग्याचा रंग. म्हापशाच्या बाजारात एका निवृत्त वादकाकडून ती त्याने घेतली होती. सगळ्यांत स्वस्त ती हीच. कंपनीचं नाव आधीच्या मालकाने खरवडून टाकलं होतं. बहुधा कंपनीच्याच विनंतीवरून. येताना गोव्याच्या हद्दीवर, इन्सुलीच्या नाक्यावर एसटी थांबली, तेव्हा दारू शोधणाऱ्या तपासणीवाल्याने ती लांबडी पिशवी मोठ्या आशेने उघडली. आत बाटलीऐवजी वाद्य निघालं. त्याचा चेहरा इतका उतरला, की हरिश्चंद्राला उगाचच अपराधी वाटलं.

सत्तावन्न वर्षांचा, ओरोसच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळणारा, घरी काजूची चाळीस झाडं असलेला माणूस हे वाद्य कशाला घेतो, असं गावात ज्याने त्याने विचारलं. कारण अगदी साधं होतं. त्याला त्याची जागा सोडायची नव्हती.

ही जागा म्हणजे भजनी मंडळाच्या सतरंजीवरची, दुसऱ्या रांगेतली, डावीकडून तिसरी. तीस वर्षं त्या जागेवर बसून हरिश्चंद्राने झांज वाजवली. मंडळ डबलबारी करायचं. डबलबारी म्हणजे दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर बैठक. आळीपाळीने देवाचं नाव घ्यायचं आणि मधल्या वेळात एकमेकांची सालं काढायची. लोक देवाच्या नावाला माना डोलावतात आणि सालं काढायला टाळ्या देतात. या सगळ्यात झांजवाल्याकडे कुणी बघत नाही. हरिश्चंद्राला त्याचं काही वाटत नसे. कचेरीतही त्याच्याकडे कुणी बघत नसे. फरक एवढाच, की कचेरीत तो नसला तरी काम चालायचं, आणि भजनात झांज थांबली तर सगळ्यांच्या माना वळायच्या.

मग गेल्या वर्षी झांज त्यालाच ऐकू येईना.

कुडाळच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि एक आलेख हातात दिला. डावीकडे बऱ्यापैकी उंच असलेली रेघ उजवीकडे कड्यावरून उडी मारत होती. "बारीक, टोकदार आवाज गेलेत. जाड आवाज शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं कानाशी पितळ आपटलंय तुम्ही. आता आपटायचं नाही." हरिश्चंद्राने विचारलं, बायकोचा आवाज कुठल्या गटात येतो? बाई म्हणाल्या, मधल्या. म्हणजे त्या बाबतीत नफा-तोटा काही झाला नव्हता.

मंडळाचे मंगेशबुवा वयाने त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. गळा गोड आणि स्वभाव भिडस्त. त्यांनी झांज आपल्या मेव्हण्याकडे दिली. मेव्हण्याच्या दंडात ताकद भरपूर होती आणि लयीशी त्याचं काही भांडण नव्हतं, कारण ओळखच नव्हती. हरिश्चंद्राला कोरसात बसवून पाहिलं. पण बुवांची वरची पट्टी त्याला अर्धीच ऐकू यायची आणि उरलेली अर्धी तो अंदाजाने गायचा. तिसऱ्या भजनानंतर बुवांनी त्याला बाजूला घेतलं.

"हरीदादा, गाडयेत तुझी जागा आसाच. येवन फुडे बस. आयक."

घरी येऊन हरिश्चंद्र जेवला नाही. रुक्मिणीने दोनदा विचारल्यावर एवढंच म्हणाला, "माका आयकाक येणा नाय, म्हणान माका आयकणाऱ्यांत बसवतत."

रुक्मिणीने त्याचं ताट झाकून ठेवलं. पुढे ती बडबडायची ती गिटारीबद्दल. या वाक्याबद्दल कधी नाही.

बास सापडला तो सावंतवाडीला, कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. गोव्याचा बँड आला होता. स्पीकरशेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून हरिश्चंद्र तिथे बसला. त्याला आता काय फरक पडणार होता? पण पडला. गाणाऱ्याचा आवाज त्याला कागदामागून आल्यासारखा येत होता. मात्र त्याच्या खालून दुसरंच काहीतरी चालत येत होतं. जाड, सावकाश, ठाम. ते खुर्चीच्या पायांतून चढलं आणि त्याच्या पोटात जाऊन बसलं. त्याला प्रत्येक ठोका कळत होता. लाडू हातात तसाच धरून त्याने बँडवाल्याला गाठलं आणि विचारलं, ते कोण वाजवतं? बँडवाल्याने कोपऱ्यातल्या एका पेंगुळलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. त्याच्याकडेही कुणी बघत नव्हतं. हरिश्चंद्राला वाद्य पसंत पडलं.

पुढचे सात महिने त्याने त्या स्वस्त गिटारीचं जे केलं, त्याला दुरुस्ती म्हणावं की शिक्षा, यावर गावात दोन मतं होती.

आधी तारा. मूळच्या तारा गंजल्या होत्या. हरिश्चंद्राने विचार केला, की समुद्राच्या हवेत न गंजणारी आणि वाटेल तेवढा ताण सोसणारी वस्तू आपल्या जिल्ह्यात कधीपासून आहे. तो शिरोड्याला गेला आणि मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाड तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मागितला. दुकानदाराने विचारलं, "खंयच्या माशाक?" हरिश्चंद्र म्हणाला, "भजनाक." दुकानदाराने थोडा विचार केला आणि मोरी, म्हणजे शार्क, पकडायला वापरतात तो दिला.

तंगूस देखणा बसला. पिळून पिळून ताणला, छेडला, तर थरथरलाही झकास. पण स्पीकरमधून आवाज काही येईना. हरिश्चंद्राला वाटलं, उरलासुरला कानही गेला. त्याने रुक्मिणीला बोलावलं. ती म्हणाली, तिलाही काही येत नाही. त्याला इतका आनंद झाला, की तिला वाटलं डोकं फिरलं. तीन दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं, की तारांखाली बसवलेलं असतं ते लोहचुंबक. त्याला लोखंड कळतं, नायलॉन कळत नाही. तो तंगूस पुढे कपडे वाळत घालायला गेला, आणि पणजीहून रीतसर पोलादी तारा आल्या.

मग गुणगुण. बटण दाबलं की वाद्यातून माशी कोंडल्यासारखा आवाज यायचा. त्याने मागची झाकणी उघडली आणि आतल्या पोकळीला चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवून तो अर्थिंगच्या तारेला जोडला. माशी गेली. त्याच्या डब्यातल्या चपात्या महिनाभर वर्तमानपत्रात गेल्या.

शेवटी पडदे. मानेवर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. बोट कुठेही दाबा, सूर त्या पट्टीचाच निघतो. पण बुवा काही पट्ट्यांवर गात नव्हते. ते एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे, शेवाळलेल्या पायरीवरून उतरावं तसे. त्यांच्याबरोबर जायचं तर पायऱ्याच नकोत. म्हणून त्याने सगळ्या पट्ट्या उपटल्या, खाचांत फणसाच्या लाकडाच्या कपच्या चिकटवल्या, घासून सपाट केल्या आणि सावंतवाडीच्या एका खेळणीवाल्या चिताऱ्याकडून मानेवर लाखेचा हात फिरवून घेतला. तारा पुस्तकाप्रमाणे नाही, तर बुवांच्या पेटीप्रमाणे लावल्या. बोटाच्या खुणांसाठी मानेच्या कडेला रुक्मिणीच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले. ठिपके गुलाबी होते. इलाज नव्हता.

रोज कचेरीतून आल्यावर दिवेलागणीपर्यंत तो वाजवायचा. शेजारच्या आनंदीबाईंनी फळीवरची भांडी हलतात म्हणून तक्रार केली. हरिश्चंद्राने ती कौतुक म्हणून आवक करून घेतली.

मग एके दिवशी तो गिटार घेऊन बुवांच्या घरी गेला आणि वाजवून दाखवली. बुवांना ती आवडली की नाही ते कळलं नाही. नाही म्हणता आलं नाही एवढं मात्र खरं. "शिरोड्याच्या बारयेक हाड," ते म्हणाले. "एकदा बघूया." एकदा या शब्दावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला. तो जाड आवाजात आल्यामुळे हरिश्चंद्राला स्पष्ट ऐकू आला.

शिरोड्याच्या एका देवळात सप्ताह होता आणि दुपारी तीनला बारी. मंडपात समोरासमोर दोन बैठका होत्या, लाकडी फळ्यांच्या, हातभर उंच. हरिश्चंद्र दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा बसला. मांडीवर गिटार, शेजारी छोटा स्पीकर. समोर होते दीपेशबुवा, जीभ तिखट म्हणून तीन तालुक्यांत नावाजलेले. पहिली पाळी त्यांची होती. त्यांनी गणपती गायला, गुरू गायला, आणि मग गुलाबी ठिपक्यांकडे बोट करून माइकवर म्हणाले:

"भजनात हाडल्यानी तारांची फळी,
फुडच्या साली हाडतले पंपाची नळी."

मंडप हसून कोसळला. मंगेशबुवांचे कान लाल झाले. देवळाच्या समितीची दोन माणसं उठली, चार माणसांशी बोलली आणि निर्णय घेऊन आली. निर्णय असा, की भजनात विजेचं वाद्य हे परंपरेत बसत नाही. हा निर्णय त्यांनी माइकवरून जाहीर केला. पेटीपुढे माइक होता, पखवाजापुढे माइक होता आणि देवाच्या डोक्यावर रंगीत दिव्यांची माळ उघडझाप करत होती.

"वाद्य ऱ्हवांदे," समितीवाला म्हणाला. "करंट नको."

आणि त्याने वायर उपटली.

बुवा मागे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका आणि शरम अर्धी-अर्धी होती. "हरीदादा," ते हळू म्हणाले, "तू खाली जावन बस आता. काय इलाज नाय."

हरिश्चंद्राने ते ऐकलं. ओठांवरून, डोळ्यांवरून आणि तीस वर्षांच्या ओळखीवरून पुरतं ऐकलं.

"माका आयकाक येणा नाय," तो म्हणाला, आणि मांडी घालून घट्ट बसला.

बुवांनी अजून एकदा सांगितलं. हरिश्चंद्राने कानामागे हात धरला आणि मान हलवली. बहिऱ्या माणसाला उठवायचं तर हाताला धरूनच उठवावं लागतं, आणि चारशे माणसांसमोर ते करण्याएवढे बुवा धीट नव्हते. त्यांनी पेटी उघडली.

विजेशिवाय बास म्हणजे पुसटसं खुडबुडणं. मेव्हण्याची झांज सुरू झाल्यावर तेही संपलं. हरिश्चंद्राला स्वतःचाच आवाज लागेना. त्याने गिटार मांडीवरून खाली घेतली, सतरंजीची कड दुमडली आणि वाद्याचं बूड सरळ फळीवर टेकवलं. मग तार छेडली.

फळी गुरगुरली.

मंडपात कुणाला कळलं नाही. बैठकीवर बसलेल्या बाराही जणांना मात्र बुडाखालून समजलं. पखवाजवाला सिद्धेश, विशीतला, हात न थांबवता खाली बघू लागला. फळीतून सा येत होता, पाठोपाठ प; एकेक ठोका ठाम, पाय रोवून येणारा. गजर चढला तशी मेव्हण्याची झांज उधळली. नेहमी ती उधळली की सिद्धेशला तिच्यामागे धावावं लागे, आणि दोघांच्या मागे बुवांना. आज सिद्धेश धावला नाही. तो फळीबरोबर राहिला. चार आवर्तनं झांज एकटीच पुढे पळाली, मग बिचकून मागे आली आणि मुकाट्याने रांगेत उभी राहिली.

"काका," सिद्धेश वाकून म्हणाला, "सोडू नकात. खालसून येता माका."

काकाने सोडलं नाही. बोटाचं कातडं सोललं तरी सोडलं नाही. लाखेवर रक्ताचा एक ठिपका पडला आणि गुलाबी ठिपक्यांत मिसळला. बुवांनी डोळे मिटले होते. ते जिथे कधी थांबत नसत तिथे थांबले, सूर धरून ठेवला, सावकाश खाली घसरले. खाली त्यांची कुणीतरी वाट बघत होतं. गजर पाच मिनिटं जास्त चालला. टाळ्या आल्या, त्या नेहमीपेक्षा थोड्या उशिराने.

मग परत दीपेशबुवांची पाळी झाली. त्यांनी फळीवरून आणखी दोन कोट्या केल्या आणि उत्तराला तयार राहा म्हणून मांडीवर थाप मारली. मंगेशबुवांची पाळी आली. मंडप पुढे सरकून बसला. पंपाच्या नळीला आता काय जबाब मिळतो, यासाठी मागची माणसं उभी राहिली होती.

बुवांनी माइककडे तोंड नेलं आणि परत घेतलं. ते पहिल्या रांगेतून मागे हरिश्चंद्राकडे वळले, दोन्ही हातांनी पेटी उचलली आणि वीतभर उजवीकडे सरकवून ठेवली. मग सिद्धेशला तेवढंच पलीकडे सरकायला सांगितलं. मध्ये एका माणसाची जागा झाली. बुवांनी हाताने तिथली सतरंजी मागे सारली. खालची फळी उघडी झाली.