दोराचं शेवटचं टोक

पैलवानने सवयीने दोराचं टोक उचललं, कमरेपर्यंत आणलं आणि पुन्हा गवतात टाकून दिलं.

“काय गं, दोर चावतोय का आज?” इस्त्रीवालीने विचारलं.

“सांगितलं ना, पाठ धरलीय. टोकाला तू उभी राहा.”

“ऐन अंतिम सामन्यालाच बरी धरली!”

हॉस्पिटलची धुलाईखोली विरुद्ध स्वयंपाकघर. रस्सीखेचीच्या या सामन्यासाठी दोन्हीकडच्या बायका वर्षभर एकमेकींना पाण्यात बघायच्या. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून इकडचे दंड भरलेले, तर मोठाली पातेली हलवून तिकडचे. दोराच्या शेवटी पाय रोवून उभी राहते म्हणून हिचं नाव पैलवान पडलं होतं, आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. तिला त्याचा भारी अभिमान.

पाठ तिची ठणठणीत होती. तपासणीत आधी विषाणू सापडला, मग गर्भाशयाच्या तोंडावर बिघडू लागलेल्या पेशी. “कॅन्सर नाही, पण त्या वाटेला लागल्या होत्या,” असं म्हणत डॉक्टरबाईंनी तेवढा भाग काढून टाकला आणि महिनाभर ओढाताण बंद केली. महिना भरायला आठवडा बाकी होता. विषाणू शरीरसंबंधातून येतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो, कुणालाही असू शकतो, हे डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा बायकांना ते कोण समजावणार? म्हणून तिने सगळं पाठीवर ढकललं.

शिट्टी झाली. पहिला डाव स्वयंपाकघराने खेचला, दुसरा धुलाईने. मैदान नुसतं पेटलं. कुणी ताटल्या बडवत होतं, कुणी चादर फडकवत होतं. पैलवानचा जीव वरखाली होत होता आणि मुठी आपोआप आवळत होत्या.

तिसऱ्या डावाआधी सगळ्याजणी तिच्याभोवती गोळा झाल्या.

“एकच डाव गं!” मुकादमीण म्हणाली. “तू नुसती उभी राहिलीस तरी त्यांच्या तोंडचं पाणी पळेल. पाठीला मग शेक देऊ.”

“राहू दे,” इस्त्रीवाली घाम पुसत म्हणाली. “घाबरलीय ती.”

दोर दोन पावलांवर पडला होता. तो धरावा असं पैलवानला इतकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

“पाठीचं खोटं होतं,” ती म्हणाली. “गर्भाशयाच्या तोंडाचं ऑपरेशन झालंय माझं. विषाणूमुळे. कॅन्सर व्हायच्या आधीच कळलं, काढून टाकलं. ओढायची बंदी आहे. आता जिला जे बोलायचं ते बोला, पण सामना झाल्यावर! दोर धरा!”

मग मुकादमीण वाकली आणि तिने दोर उचलला.

“कान आहेत ना? धरा म्हणतेय ती!”

पैलवान कडेला उभी राहून हाका देऊ लागली.

“हं, ओढ! हं, ओढ! टाच रोव, इस्त्रीवाली! अजून मागे पड! सोडू नकोस!”

दोर थरथरला, हातभर पुढे गेला, थांबला आणि मग वीतवीत मागे येऊ लागला. पैलवानचा आवाज फाटला. स्वयंपाकघरातल्या बायकांचे पाय घसरले आणि धुलाईच्या सगळ्या बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. जिंकलो! जिंकलो! मुकादमीण आडवी पडूनच ओरडत होती.

सगळ्या बक्षिसाची ढाल घ्यायला मांडवाकडे धावल्या. इस्त्रीवाली मात्र गवतातच बसून राहिली. दोराने सोललेले तळवे ती बघत होती.

“ते काढताना दुखतं का गं?” तिने मान वर न करता विचारलं.

पैलवानने तिच्याकडे निरखून पाहिलं.

“सुन्न करतात. नंतर थोडं दुखतं. तुला डॉक्टरबाईंनी कधी बोलावलं होतं?”

“गेल्या महिन्यात. गेलेच नाही.”

मांडवातून दोघींच्या नावाने हाकांवर हाका येत होत्या. पैलवान तिच्याशेजारी गवतात बसली.

“ढाल त्या आणतील,” ती म्हणाली. “उद्या आपण दोघी जाऊ.”