खालची ओळ

घरातल्या सगळ्यांचे कराचे कागद धाकटे दीर भरत, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. नवरा गेल्यावर नर्सबाईंच्या पगारातून जादा कापलेला कर परत मागायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. "तुमच्याच सोयीसाठी" म्हणत बँकेत नर्सबाई आणि स्वतः अशा दोघांच्या नावाने खातं उघडलं. चेकबुक आणि बँकेचे मेसेज अर्थात त्यांच्याकडे.

गेल्या वर्षी नर्सबाई विचारून विचारून थकल्या.

"रिफंडचं काही कळलं का, भाऊजी?"

"सरकारी काम, सहा महिने थांब," असं म्हणून ते मिशीतल्या मिशीत हसत.

शेवटी लेकीची फी भरायला नवऱ्याचा कॅमेरा विकावा लागला. लेक त्याचा राहिलेला पट्टा गळ्यात घालून रडत बसली. पुढच्याच आठवड्यात भाऊजींच्या दारात नवी कोरी मोटरसायकल उभी.

यंदा वॉर्डात पायाला प्लास्टर घातलेला एक करसल्लागार आला. पडल्या पडल्या त्याने नर्सबाईंना मोबाइलवर कराच्या साइटवरून रिफंडचं स्टेटस बघायला शिकवलं. गेल्या वर्षाच्या ओळीत लिहिलं होतं, 'रिफंड जमा'. खातं दोघांचं, तारीख कॅमेरा विकण्याच्या आधीची.

नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सुई टोचणाऱ्या बाईचा हात थरथरत नाही. त्यांनी बिनबोभाट साइटवरचा रिफंडच्या खात्याचा नंबर बदलून आपल्या एकटीच्या खात्याचा टाकला, आणि पैसे आल्यावरही तोंडातून ब्र काढला नाही.

आता विचारायची पाळी भाऊजींची होती. मोटरसायकलचे हप्ते थकले होते.

"वहिनी, रिफंडचा काही मेसेज?"

"सरकारी काम, भाऊजी. सहा महिने थांब."

रविवारी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमले. भाऊजींना धीर निघेना. ताटावरच त्यांनी मोबाइल काढून कराची साइट उघडली. "वहिनी, ओटीपी आला असेल, सांगा बरं."

दर वेळी त्या आकडे सांगून वाढायला निघून जात. आज आकडे सावकाश सांगितले आणि खुर्ची ओढून शेजारीच बसल्या.

भाऊजींचा चेहरा उतरला.

"काय झालं रे?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. साइट बंद आहे."

"चालू आहे की," नर्सबाई म्हणाल्या. "मोठ्याने वाचा, आईंना कमी ऐकू येतं."

"यंदाचा रिफंड जमा," ते पुटपुटले. "वहिनींच्या खात्यात."

"मग चांगलंच झालं की," त्यांची बायको म्हणाली. बिचारीला काय ठाऊक.

भाऊजी मोबाइल खिशात घालू लागले. नर्सबाईंनी त्यांचं मनगट धरलं, नाडी बघताना धरतात तसं. ती घोड्यासारखी पळत होती. वर्षभरात नर्सबाईंना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"आता खालची ओळ, भाऊजी. गेल्या वर्षीची. तारखेसकट."

लेक ताटावरून मान वर करून काकाकडे बघू लागली. सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला, कानातलं यंत्र नीट बसवलं आणि म्हणाल्या, "वाच."